कोऱ्या टेपचं शेपूट

१

बुधवारी सकाळी कानसेनने कवयित्रीची टेप नेहमीसारखी आधी उलटी गुंडाळून घेतली, यंत्रावर चढवली, बटण दाबलं, आणि कवयित्री काही बोलेना.

आधी वाटलं, सुरुवातीला शांतता असेल. जुन्या टेपांना असते. मग वाटलं, यंत्राचं बिनसलं. कानसेनने दुसरी टेप लावली तर एक कथालेखिका खणखणीत आवाजात नवऱ्यावरची गोष्ट वाचायला लागली. यंत्र ठणठणीत होतं. पुन्हा कवयित्री, पुन्हा काही नाही. टेप पुढे पळवत, मधेमधे थांबत तो शेवटापर्यंत गेला. नुसतं 'सूंऽऽ'.

"मॅडम," तो म्हणाला, "कुणीतरी पुसून टाकलंय."

रेडिओ केंद्राच्या तळघरात आमचं काम चालतं. एके काळी केंद्र बायकांचा कार्यक्रम दुपारी लावायचं, कारण दुपारी पुरुष ऐकत नाहीत आणि बायकांना दुसरं काही काम नसतं, असा साहेबलोकांचा समज होता. त्या कार्यक्रमात कवयित्री आल्या, गाणाऱ्या आल्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या आल्या. टेप महाग म्हणून झालेला कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपवर नवा करायचा, ही रीत. आमच्या कपाटातले डबे वाचले ते कुणाच्या प्रेमामुळे नव्हे. कपाट जिन्याखाली होतं आणि त्याच्यापुढे कुणीतरी मोडकं टेबल सरकवून ठेवलं होतं, म्हणून.

आता एकेक टेप ऐकून तिची संगणकावर प्रत करायची, हे आमचं काम. आम्ही म्हणजे मी, यंत्रावरचा कानसेन (हे नाव त्याला केंद्राने दिलंय, थोडं कौतुकाने, थोडं वैतागून), आणि बाई. बाई त्या काळच्या निवेदिका. कार्यक्रम त्याच करायच्या, टेपाही त्याच कापायच्या-जोडायच्या. आता ऐंशीला टेकल्यात. डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्यात, म्हणून कुठला आवाज कुणाचा हे ओळखायला त्या येतात. मानधन घेत नाहीत. चहा मात्र चांगला लागतो.

कवयित्रीचा एकच संग्रह आहे आणि एकच ध्वनिमुद्रण. ते प्रसारित झालं त्याच वर्षी ती गेली. तिची लेक तेव्हा धड दोन वाक्यं बोलत नव्हती. आता ती दातांची डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता.

"आईचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही," ती म्हणाली होती. "म्हणजे ऐकला असणार, पण आठवत नाही. फोटोत तर काय, सगळीकडे तोंड मिटलेलं. मी तर लोकांना दिवसभर तोंड उघडा म्हणते."

मी तिला म्हटलं होतं, शुक्रवारी या. सगळ्यांत आधी तुम्ही ऐका, मग जग.

शुक्रवार परवावर आला होता, आणि माझ्या हातात पाऊण तासाचं 'सूंऽऽ' होतं.

२

पोलिसांना काय सांगणार? साहेब, एक कोरी टेप सापडली? मी माझ्या नणंदेला फोन केला.

वन्सं गुन्हे शाखेतून निवृत्त झाल्या त्याला बराच काळ लोटला, पण चौकशीची सवय गेलेली नाही. घरातली बिस्किटं संपली तरी सगळ्यांचे जबाब होतात. त्या आल्या, तळघराच्या पायऱ्या कुरकुरत उतरल्या, आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या.

"वहिनी, आधी तू. किल्ली तुझ्याकडे असते?"

"मी संशयित?"

"सगळेच. तू फक्त पहिली."

"मी चोरली असती तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

"तेही खरंच. मला बोलावलं की जेवायला घालावं लागतं." त्या कानसेनकडे वळल्या. "तू रे? तूच शेवटचा हात लावलेला."

"मी लावला ताई, पण वाजवायला," कानसेन घाईघाईने म्हणाला. "तेही खरं तर शुक्रवारीच वाजवणार होतो. म्हटलं, लेक समोर बसलेली आणि टेप अडकली तर पंचाईत. एकदा आधी चालवून बघू. आणि माझ्या मते ना, हे लोखंडी कपाटामुळे झालंय. चुंबकत्व! मी सांगत होतो, लाकडी घ्या."

"शेजारच्या टेपा नीट आहेत?"

"आहेत."

"मग हे कपाट फार निवडून निवडून पुसतंय." वन्संनी हात पुढे केला. "टेप दे. नाही, तूच धर. बोटातून सरकव. काय लागतंय?"

कानसेनने टेप दोन बोटांत धरली आणि हळूहळू ओढत गेला. "काही नाही. मऊ आहे."

"ही तू आधी तपासली होतीस?"

"सगळ्याच तपासल्यात, वाजवायच्या आधी. बुरशी-बिरशी बघायला. हिला तर हातभर अंतरावर जोड होते, बोटाखाली नुसते खडखड. मी मॅडमना म्हटलंसुद्धा, ही टेप आहे की गोधडी?"

म्हणाला होता. बाईसुद्धा तिथेच बसल्या होत्या.

"आणि टेप पुसली की जोड पुसले जातात?" वन्संनी विचारलं.

"जोड कसे पुसले जातील? चिकटपट्टी असते ती. आवाज फक्त..." आणि कानसेन थांबला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आयुष्य टेपांत गेलं आणि काखेत कळसा, गावाला वळसा.

"म्हणजे ही ती टेपच नाही," मी म्हणाले.

"नाही. ही कोरी आहे, कधीच न वापरलेली. तुमची कवयित्री कुणी पुसली नाही, पळवलीय. म्हणजे कुठेतरी आहे," वन्सं म्हणाल्या. "आता सांग, ती कुणाला हवी होती?"

३

हवी होती एकाच माणसाला, आणि तो ते लपवतही नव्हता.

प्राध्यापकांनी कवयित्रीवर पुस्तक लिहिलंय. त्याची नवी आवृत्ती निघतेय आणि तिच्यासोबत ते मुद्रण ऐकायला द्यावं, असा त्यांचा आग्रह. आधी मला ऐकू द्या म्हणून ते सोमवारी तळघरात येऊन तासभर भांडले होते. मी आधी लेकीचं नाव घेतलं तेव्हा म्हणाले होते, "लेक म्हणजे फक्त वारस. मी अभ्यासक आहे."

त्यांच्या खोलीत पुस्तकं खुर्चीवरही होती, म्हणून आम्ही उभ्याच राहिलो.

"माझ्यावर संशय?" ते म्हणाले. "अहो, माझा अख्खा अध्याय त्या मुद्रणावर उभा आहे! मी विद्यार्थी असताना ते रेडिओवर ऐकलं. 'झऱ्यासारखी वाणी', अध्यायाचं नावच आहे. एक अडखळणं नाही, एक खाकरणं नाही. अशी सलग, निर्भय वाणी त्या काळच्या बाईची! ती टेप गेली तर मीच उघड्यावर पडेन."

"तुम्हाला त्या भेटल्या होत्या का कधी?"

"नाही. त्या फारशा कुणात मिसळत नसत. गंभीर प्रकृती."

"केंद्रातून याआधी टेप नेलीत कधी?"

"एका गायिकेच्या टेपची प्रत नेली होती. वेळेत परत केली. पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून! सभ्य माणूस टेप गुंडाळून देतो. आणि त्या तुमच्या यंत्रवाल्याने माझ्यावरच तोंडसुख घेतलं."

"ते का?"

"मला काय माहीत? त्याला विचारा. लोकांचे काय एकेक सोवळ्याचे नियम असतात!"

जिना उतरताना वन्सं गालात हसत होत्या.

"काय झालं?"

"माणूस खरं बोलतोय. त्याहून मजा म्हणजे, त्याने चोर कोण नाही ते सांगितलंच, शिवाय चोर कोण आहे तेही सांगितलं. त्याला पत्ताच नाही."

४

केंद्रासमोरच्या बाकावर चहा घेत वन्संनी विचारलं, "टेप गुंडाळून दिली तर कानसेन का ओरडला?"

"कारण आमच्याकडे टेप शेपूट बाहेर ठेवून ठेवतात," मी म्हणाले. "वाजवून झाली की तशीच काढायची. पुढच्या वेळी लावण्याआधी उलटी गुंडाळायची. टेप वर्षानुवर्षं पडून राहिली की एका थरातला आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. शेपूट बाहेर असेल तर तो पडसाद शब्दाच्या मागून येतो, खपून जातो. डोकं बाहेर असेल तर आधी येतो. माणूस बोलण्याआधी त्याचं भूत बोलतं."

"टोकं ओळखता कशी?"

"डोक्याला हिरवी पट्टी जोडतात, शेपटाला लाल."

"आज सकाळी डबा उघडला तेव्हा बाहेर काय होतं?"

"लाल. म्हणून तर कानसेनने आधी उलटी गुंडाळली..." आणि माझा चहा हातातच राहिला.

"कोरी टेप, वहिनी! तिच्यात ना आवाज, ना पडसाद, ना भूत. तिला कसलं डोकं आणि कसलं शेपूट? बाहेरच्याने डब्यात टाकून दिली असती आणि सुटला असता. पण इथे कुणीतरी तिला एका टोकाला हिरवी पट्टी जोडली, दुसऱ्याला लाल, आणि मग लाल बाहेर राहील अशी नीट गुंडाळली. डोकं म्हणत होतं चोरी कर. हात म्हणत होते, करायची तर रीतीने कर."

"म्हणजे आमच्यातलंच कुणी."

"प्राध्यापक गेला. राहिलात तुम्ही तिघं."

"कानसेन?"

"त्याने कशाला बदलावी? यंत्र त्याच्या हातात. टेप चिकटली, तुटली, गेली, एवढं म्हटलं असतं तर तू रडून गप्प बसली असतीस. आणि कोरी टेप ठेवणाऱ्याने काय केलं? वेळ काढला. शुक्रवारपर्यंत डबा उघडणार नाही, ही त्या माणसाची खात्री होती. आज उघडला कानसेननेच. स्वतःच्या पायावर कोण धोंडा मारून घेईल?"

मी कप बाकावर ठेवला. सकाळीच बाईंचा निरोप आला होता: पाठ धरलीय, दोन दिवस यायला जमणार नाही.

"पण बाईंनी का?" मी शेवटी म्हणाले. "त्यांचाच कार्यक्रम. त्यांचंच काम."

"ते त्यांना विचारू. मला दुसरंच खुपतंय. ज्या बाईची वाणी झऱ्यासारखी, एक अडखळणं नाही, तिच्या टेपला हातभर अंतरावर जोड कशाला?"

५

बाईंनी दार स्वतःच उघडलं. पाठ ताठ होती.

"तुम्ही याल असं वाटलंच," त्या म्हणाल्या. मग वन्संकडे बघून, "या पोलिसातल्या ना? चहा आधी टाकू की जबाब आधी?"

आतल्या खोलीत पाऊल ठेवलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. कपडे वाळत घालायचा स्टँड उघडून ठेवला होता. त्याच्या प्रत्येक तारेवर, चिमट्यांत, तपकिरी टेपचे तुकडे लोंबत होते. काही हातभर, काही बोटभर, काही नखाएवढे. टेबलावर कात्री, चिकटपट्टी, आणि कवितांची नावं घातलेली पाकिटं.

"तुम्ही मूळ टेप कापलीत?" माझा आवाज चिरकला. "मूळ टेपला ब्लेड लागता कामा नये, हे मी रोज सांगते! तुमच्यासमोर सांगते!"

"सांगता. म्हणूनच विचारलं नाही." बाई खुर्चीत बसल्या. "आणि पहिल्यांदा कापली तेव्हा तुम्ही नव्हता रागवायला."

मग त्यांनी सांगितलं. सरळ, बातम्या वाचाव्यात तसं.

कवयित्री अडखळायची. साधंसुधं नाही. एका शब्दापाशी मिनिटभर उभी राहायची. मुद्रणाला आली तेव्हा अख्खी दुपार गेली. पण तिने सगळ्या कविता वाचल्या, एकही सोडली नाही. ती घरी गेल्यावर बाईंनी ब्लेड घेतलं. पहिला 'म' ठेवला, पुढचे काढले. थांबणं काढलं. श्वास काढला. रात्रंदिवस बसून तिला धबधब्यासारखं बोलतं केलं.

"मला वाटलं, मी तिची लाज राखतेय," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमाचं फार कौतुक झालं. आठवड्याने ती आली. मी हसत पुढे गेले. ती म्हणाली, 'छान वाचलं हो त्या बाईने. को... को... कोण होती?' आणि निघून गेली. मग महिन्याभरात ती वारल्याचंच कळलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"कापलेले तुकडे फेकायचे असतात," बाई म्हणाल्या. "मी नाही फेकले. का ते विचारू नका. मग परवा कानसेन म्हणाला, ही टेप आहे की गोधडी, आणि तुम्ही म्हणालात लेक येतेय, आईला ऐकायला. त्या मुलीला मी आई म्हणून काय ऐकवणार? मी तासून ठेवलेली बाई? म्हटलं, शुक्रवारच्या आत सगळं परत जागच्या जागी लावते आणि डबा ठेवून देते. कोणाला कळणार नाही. पण हे बघा." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "जोड सोडवायला जमलं. लावायला जमत नाही. बहुतेक तुकड्यांच्या पाठीवर मी पिवळ्या पेन्सिलीने शब्द लिहिलेत. पण शेवटच्या कवितेचे आज सकाळी खाली पडले, आणि त्यांच्यावरचं लिहिणं उडून गेलंय."

जमिनीवर, खिडकीपाशी, मूठभर तपकिरी कातरण पडलं होतं. ना डोकं, ना शेपूट.

मला ओरडायचं होतं. जन्मभर मी टेपा वाचवल्या आणि माझ्याच माणसाने एकीचा चिवडा केला होता. पण ओरडून तो नीट लागला नसता. परवा लेक येणार होती.

"कानसेनला फोन कर," वन्सं म्हणाल्या. "आणि बाई, आता टाका चहा."

कानसेन आला आणि स्टँडभोवती एक फेरी मारून आला. मग बाह्या सरसावून म्हणाला, "कात्री बाजूला ठेवा सगळ्यांनी."

त्याने रस्ता काढला, आणि तो सोपा होता. टेप पुन्हा जोडायचीच नाही. प्रत्येक तुकडा दोन कोऱ्या पट्ट्यांमध्ये धरून एकदाच वाजवायचा, संगणकात घ्यायचा, आणि होता त्याच पाकिटात परत ठेवायचा. जुळवाजुळव संगणकात करायची. बाईंनी प्रसारित केली होती तशी एक प्रत, आणि कवयित्रीने वाचली होती तशी एक. दोन्ही ठेवायच्या. कारण बाईंनी जे केलं होतं, तेही खरंच घडलं होतं.

गुरुवारचा दिवस त्यात गेला. शेवटच्या कवितेचे तुकडे कानसेनने एकेक करून वाजवले आणि बाई डोळे मिटून सांगत राहिल्या: हा आधी, हा नंतर, नाही, इथे तिने पाणी प्यायलं होतं. एक नखाएवढा तुकडा कुठेच बसेना. त्यात नुसता श्वास होता.

"हा कवितेच्या आधीचा असेल," कानसेन म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "संपल्यावरचा आहे."

६

शुक्रवारी लेक आली तेव्हा मी तिला आधी सगळं सांगितलं. टेप कशी गेली, कुठे सापडली, कोणी कापली, का.

"अडखळायची?" ती शेवटी म्हणाली. "मला कुणीच सांगितलं नाही. बाबा म्हणायचे, तिला बोलायला आवडायचं नाही."

"दोन प्रती आहेत. एक स्वच्छ आहे, एक पूर्ण. कुठली लावू?"

"आई कुठल्या प्रतीत आहे?"

"दोन्हीत. एकीत कमी आहे."

ती स्टुडिओत बसली. मी आणि वन्सं काचेच्या अलीकडे, कानसेनपाशी. बाई आल्या होत्या, पण आत यायला तयार नव्हत्या. बाहेर बाकावर बसून राहिल्या.

कानसेनने पूर्ण प्रत लावली.

बारीक, जरा घोगरा आवाज आला. "माझ्या दारातली सा... सा... सा..." आणि मग शांतता. लांबलचक. लेकीने खुर्चीचा हात घट्ट धरला. रस्त्यात कुणाची गाडी अडकली की आपणच ढकलायला जातो, तशी ती पुढे झुकली.

"बघा," तो आवाज म्हणाला, "ही सा-सावली दारातच अडलीय. आत यायचं ना... नावच घेत नाही."

टेपवर दुसरी एक तरुण बाई फिसकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सावकाश. आपल्याला घाई नाही."

"तुम्हाला नसेल. तुमच्याकडे पग... पगार मिनिटावर असेल. माझी मुलगी बा-बाहेर तुमच्या शिपायाची टोपी खातेय."

लेकीच्या तोंडून एकदम काहीतरी फुटलं. मला वाटलं रडली. कानसेनने थांबवायला हात नेला. वन्संनी तो धरला.

ती हसत होती. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत हसत होती, आणि टेपवरच्या त्या दोघीही हसत होत्या. मग कविता पुढे सरकली, अडखळत, थांबत, एकेक शब्द ओलांडत. ती तशीच संपली. शेवटी एक लहानसा श्वास आला.

लेक बाहेर आली. डोळे लाल होते.

"ती विनोदी होती," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी काही लपवून ठेवलं असावं, असा सूर होता. "पुस्तकात गंभीर. बाबा म्हणायचे अबोल. इतकी वर्षं मी एका गंभीर बाईची मुलगी म्हणून जगले. माझे विनोद घरी कुणाला कळत नाहीत, आणि मला वाटायचं, हे माझ्यात आलं कुठून!"

मग ती बाकापाशी गेली. बाई उठू लागल्या, तिने खुणेने बसवलं.

"तुमचा मला राग येणार आहे," ती म्हणाली. "आत्ता आला नाही, पण येईल. उद्या-परवा. तेव्हा मी फोन करून भांडेन."

"कर," बाई म्हणाल्या. "मी उचलेन."

"पण आत ती कुणाशी तरी बोलतेय आणि समोरची खुर्ची रिकामी आहे. ती कशाला हसतेय हे मला निम्मं कळत नाहीये. तुम्हाला माहीत असणार. चला."

बाई उठल्या आणि तिच्या मागोमाग आत गेल्या. कानसेनने पुन्हा पहिल्यापासून लावलं.